आर्केड जॉयस्टिकचे बटण बदलताना

आर्केड जॉयस्टिक म्हणजे डाव्या हाताला दांडा आणि उजव्या हाताला सहा-आठ गोल बटणे असलेली खेळाची पेटी. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या यंत्राचा हाताळायचा भाग तेवढा वेगळा काढून संगणकाला किंवा कन्सोलला जोडला, की ही पेटी तयार होते. ती बाजारात तयार मिळते. शिवाय प्लाय, ॲक्रिलिक किंवा पत्रा कापून स्वतःच्या हाताच्या मापाने ती बांधून घेण्याचाही छंद आहे. तयार असो वा घरची, तिच्यात सर्वांत जास्त मार खाणारा भाग बटणाचा. दांडा वर्षानुवर्षे टिकतो, इलेक्ट्रॉनिक बोर्ड सहसा बिघडत नाही. बटण मात्र कधी दाब नोंदवायचे सोडते, कधी एका दाबाचे दोन करते, तर कधी खाली जाऊन तिथेच बसते.

पुण्यात अशा जोडकामाचे बरेचसे सामान बुधवार पेठेत मिळते. तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या मंदिराचा परिसर हा शहरातला इलेक्ट्रिक व इलेक्ट्रॉनिक सामानाचा मोठा बाजार आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जे स्थान आहे, तेच पुण्यात या गल्लीला. पण दुकानात नुसते ‘पुशबटण’ मागितले तर दारावरच्या घंटीच्या बटणापासून मोटर चालू-बंद करायच्या बटणापर्यंत काहीही समोर येऊ शकते. म्हणून बाजारात पाऊल टाकण्याआधी चार मापे हातात असावी लागतात. रंग, कंपनी आणि किंमत यांचा विचार त्यानंतरचा.

बटणांची संख्या कशी वाढली

सुरुवातीच्या आर्केड यंत्रांत प्रत्येक खेळाची बटणे वेगळी असत. १९७९ च्या ‘ॲस्टेरॉइड्स’ला दांडाच नव्हता, डावीकडे वळणे, उजवीकडे वळणे, पुढे ढकलणे, गोळी झाडणे आणि हायपरस्पेसमध्ये उडी घेणे अशी पाच कामे पाच बटणांवर होत. १९८५ मध्ये जपानी यंत्रनिर्मात्यांच्या संघटनेने ‘जामा’ नावाचे जोडणीचे मानक आणले. ५६ संपर्कांच्या एकाच पट्टीतून चित्र, आवाज, वीजपुरवठा, दांडा आणि बटणे जोडली जाऊ लागली. खेळ बदलायचा तर आतला बोर्ड काढून दुसरा खोचायचा. पेटी तीच राहायची. या मानकात प्रत्येक खेळाडूला मुळात तीन बटणे गृहीत धरलेली होती.

१९८७ मध्ये कॅपकॉम कंपनीचा पहिला ‘स्ट्रीट फायटर’ आला. त्याच्या एका आवृत्तीत ठोशासाठी आणि लाथेसाठी दोन मोठ्या गाद्या होत्या. जितक्या जोरात गादीवर हात मारावा तितका फटका जबर. ही रचना टिकली नाही. तिच्या जागी सहा बटणे आली : हलका, मध्यम आणि जोरदार ठोसा, आणि तशाच तीन लाथा. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने हीच मांडणी जगभर रूढ केली. जामाच्या पट्टीत तीनच बटणांची सोय असल्याने लाथांच्या तीन बटणांसाठी वेगळी तार जोडावी लागे. आजच्या पेट्यांत तीन-तीनच्या दोन ओळी, आणि त्यांच्या टोकाला आणखी दोन बटणे दिसतात, त्यांचे मूळ या सहा बटणांत आहे.

१९९० च्या दशकात भारतातल्या पार्लरांत लोकप्रिय झालेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ (१९९३) मात्र मारा आणि उडी अशा दोनच बटणांवर चालत असे. त्यातल्या एका पात्रावरून मुलांनी त्याला ‘मुस्तफा’ हेच नाव दिले होते. जुने खेळ खेळण्यापुरती पेटी हवी असेल तर मोजकी बटणे पुरतात. ‘टेकन’ला चार लागतात, ‘स्ट्रीट फायटर’ला सहा. बदलायची बटणे किती, याचा हिशेब खेळावरून सुरू होतो.

बटणाच्या आत

आर्केड बटणाचे भाग थोडे असतात. बाहेर दिसते ती टोपी आणि तिच्याभोवतीची गोल कड. टोपीखालचा दट्ट्या नळीसारख्या कवचातून खाली सरकतो आणि कवचाच्या तळाशी बसवलेला स्विच दाबतो. बोट उचलले की स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलते. विजेचे सगळे काम तळाच्या स्विचचे. बाकी रचना बोटाचा दाब त्याच्यापर्यंत सरळ पोहोचवण्यासाठी.

हा स्विच बहुतेक वेळा मायक्रोस्विच असतो. १९३२ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट गावी पीटर मॅकगॉल याने तो शोधला. १९३७ मध्ये त्याच नावाची कंपनी निघाली आणि १९५० मध्ये ती हनीवेलकडे गेली. त्याच्या आत ताणलेली एक पातळ धातूची पट्टी असते. डब्याचे फुगीर पत्र्याचे झाकण मधोमध दाबत गेले की एका क्षणी ते ‘टक्’ करून आत जाते, तशी ही पट्टी ठरावीक बिंदूला एका झटक्यात बाजू बदलते. बोट सावकाश दाबले काय किंवा जोरात, संपर्क जुळण्याचा वेग जवळपास सारखाच राहतो. संपर्क रेंगाळत नाही, त्यामुळे ठिणगी कमी आणि झीजही कमी.

मायक्रोस्विचला सहसा तीन पाय असतात : सामायिक, एरवी उघडा आणि एरवी बंद. त्यांच्यावर अनुक्रमे कॉम, एनओ आणि एनसी अशी अक्षरे असतात. खेळाच्या बटणाला पहिले दोनच लागतात. एनसीच्या पायावर तार लागली तर बटण न दाबताच दाबल्याची नोंद होते आणि दाबल्यावर ती सुटते. नव्या जोडणीत हा घोटाळा नेहमीचा आहे. जपानी पद्धतीच्या बटणांना दोनच पाय असतात आणि ते उलटसुलट लावले तरी चालतात.

बटणांची घराणी

बाजारातली आर्केड बटणे ढोबळमानाने तीन घराण्यांत मोडतात.

पहिले घराणे जपानी. सानवा आणि सेइमित्सु ही त्यातली जुनी नावे. जपानी यंत्रांचा वरचा भाग पत्र्याचा असे. त्यामुळे खटक्याने पत्र्यात अडकणारी, उंचीला कमी आणि हलक्या दाबाची बटणे तिथे घडली. सानवाचे ‘ओबीएसएफ-३०’ हे ३० मिलिमीटर भोकाचे खटक्याचे बटण जणू या प्रकाराचे प्रमाणमाप आहे. ‘ओबीएसएफ-२४’ हे त्याचे २४ मिलिमीटरचे भावंड, तर ‘ओबीएसएन-३०’ हे नटाने आवळायचे. सेइमित्सुच्या ‘पीएस-१४’ मालिकेतही खटक्याचे आणि नटाचे असे दोन्ही प्रकार आहेत. यांची टोपी सपाट किंवा किंचित फुगीर असते, दाब हलका असतो आणि ‘टक्’ जवळजवळ जाणवत नाही.

दुसरे घराणे अमेरिकी. हॅप ही त्यातली ओळखीची कंपनी; स्पेनच्या इंडस्ट्रियास लोरेंझोची बटणेही याच वळणाची. अमेरिकेत यंत्रांचे पटल अनेकदा जाड लाकडाचे असे. म्हणून या बटणांना लांब आटेदार नळी, खालून आवळायचा मोठा नट आणि तळाशी वेगळा बसवलेला मायक्रोस्विच असतो. टोपी बहुधा खोलगट, दाब थोडा जड, आवाज स्पष्ट. हात आपटून खेळणाऱ्यांचा मार सोसायला हे घराणे घट्ट.

तिसरे घराणे नवे. यात आर्केडच्या कवचात संगणकाच्या मेकॅनिकल कीबोर्डचा स्विच बसवलेला असतो. गेमरफिंगरचे ‘एचबीएफएस-३०’ हे त्याचे उदाहरण. याचा फायदा असा की बटण तेच ठेवून आतला स्विच आवडीप्रमाणे बदलता येतो. दांड्याऐवजी दिशांनाही बटणेच असलेल्या पेट्या अलीकडे वाढल्या आहेत. ‘हिट बॉक्स’ या त्या प्रकारच्या पेटीत बहुतेक बटणे २४ मिलिमीटरची आणि उडीचे एक बटण ३० मिलिमीटरचे असते. बोटे जवळजवळ ठेवावी लागत असल्याने तिथे लहान माप सोयीचे पडते.

आधी बिघाड ओळखावा

नवे बटण घेण्याआधी जुने खरोखर गेले आहे का, हे तपासणे स्वस्त पडते. बिघडलेल्या बटणाच्या तारा शेजारच्या चांगल्या बटणाला लावाव्यात आणि त्याच्या तारा बिघडलेल्याला. बिघाड तारांबरोबर चांगल्या बटणावर सरकला तर दोष तारेत किंवा बोर्डात आहे. जागेवरच राहिला तर बटणात आहे. मल्टीमीटर असेल तर तो आवाजाच्या खुणेवर ठेवून कॉम आणि एनओच्या पायांना टेकवावा. एरवी तो गप्प राहिला पाहिजे, बटण दाबताच वाजला पाहिजे आणि सोडताच थांबला पाहिजे. दाबून धरल्यावर आवाज तुटत असेल तर आतले संपर्क झिजले आहेत.

अडकणाऱ्या बटणाचा दोष अनेकदा विजेचा नसतोच. घाम, धूळ आणि सांडलेले थंड पेय यांचा थर दट्ट्याभोवती साचतो. दट्ट्या काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की बटण मोकळे होते. तेल घालू नये. ते आणखी धूळ धरते. नट प्रमाणाबाहेर आवळल्यामुळे प्लॅस्टिकचे कवच दबूनही दट्ट्या घासतो. तिथे नट अर्धा फेरा सैल करणे एवढाच उपाय असतो.

दोष स्विचमध्येच असला तरी पूर्ण बटण टाकायचे कारण नाही. अमेरिकी पद्धतीच्या बटणाखालचा मायक्रोस्विच वेगळा निघतो. त्याचे माप जगभर ठरलेले आहे : लांबी सुमारे २७.८, उंची १५.९ आणि जाडी १०.३ मिलिमीटर, दोन भोकांमधले आडवे अंतर २२.२ मिलिमीटर. या मापाचा स्विच मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या अनेक यंत्रांत वापरला जातो, म्हणून इलेक्ट्रॉनिक बाजारात तो सहज मिळतो. जपानी बटणातला स्विचही खाली ओढून काढता येतो, पण त्याला त्याच मालिकेचा स्विच लागतो.

चार मापे

पहिले माप भोकाचे. जपानी मोठ्या बटणाला ३० मिलिमीटर, लहानाला २४ आणि अमेरिकी बटणाला सव्वा इंचापेक्षा थोडे कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, सुमारे २८.६ मिलिमीटरचे भोक लागते. हा दीड मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण अमेरिकी भोकात जपानी बटण जात नाही. भोक कानसेने वाढवावे लागते. उलट बाजूने अडचण कमी असते. ३० मिलिमीटरच्या भोकात अमेरिकी बटण थोडे सैल बसते, पण त्याची कड भोक झाकते आणि नट ते धरून ठेवतो. बटणाच्या वरच्या कडेचे माप घेऊन भोकाचे माप समजू नये. ३० मिलिमीटरच्या बटणाची कड त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठी असते. बटण काढून भोकच मोजावे.

दुसरे माप पटलाच्या जाडीचे. खटक्याच्या बटणाचे प्लॅस्टिकचे पंख साधारण दोन ते चार मिलिमीटर जाडीच्या पटलाखाली उघडतात आणि बटण धरतात. पटल जाड असेल तर पंख आतच दबून राहतात आणि जोराच्या खेळात बटण वर येते. पाच-सहा मिलिमीटरच्या ॲक्रिलिकला नटाचे जपानी बटण योग्य. १८ मिलिमीटरच्या प्लायला मात्र त्याची आटेदार नळी बहुधा पुरत नाही. तिथे लांब नळीचे अमेरिकी बटण घ्यावे, किंवा प्लायला खालून रुंद खाच मारून भोकाभोवतीची जाडी कमी करावी. नटाच्या बटणासाठी आणखी एक गोष्ट पाहावी लागते : नट भोकापेक्षा बराच रुंद असतो. शेजारच्या दोन बटणांच्या केंद्रांत पुरेसे अंतर नसेल तर नट एकमेकांना अडतात. खटक्याच्या बटणांना हा त्रास नसतो.

तिसरे माप खोलीचे. पायांसकट पटलाखाली बटण किती उतरते, हे पेटीच्या उंचीवरून तपासावे. अमेरिकी बटण खाली लटकणाऱ्या मायक्रोस्विचमुळे जपानी बटणाच्या सुमारे दुप्पट खोल जाते. बारीक उंचीच्या पेटीत ते तळाला टेकते. तारेच्या टोकाला वळायलाही थोडी जागा लागते, ती मापात धरावी.

चौथे माप पायांच्या रुंदीचे. जपानी बटणांचे पाय बहुधा २.८ मिलिमीटर रुंद असतात, तर अमेरिकी पद्धतीच्या मायक्रोस्विचचे ४.८. काही मायक्रोस्विच ६.३ मिलिमीटरचेही असतात. जुन्या तारांची टोके ज्या मापाची, त्याच मापाचे पाय असलेले बटण घेतले तर बदल पाच मिनिटांत होतो; नाहीतर सगळी टोके कापून नवी दाबून बसवावी लागतात.

बोटाला काय जाणवते

मापे जुळली की मग आवडीचा प्रश्न येतो. बोटाला जाणवणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन : किती जोर लागतो, किती खाली गेल्यावर दाब नोंदला जातो आणि एकूण किती खाली जाते. आर्केड बटणांबाबत हे आकडे नेहमी छापलेले नसतात, पण कीबोर्ड स्विचचे असतात आणि तुलनेला उपयोगी पडतात. चेरी कंपनीच्या ‘एमएक्स रेड’ला साधारण ४५ ग्रॅम जोर लागतो, दोन मिलिमीटरवर दाब नोंदला जातो आणि एकूण चाल चार मिलिमीटर असते. त्याच कंपनीच्या ‘स्पीड सिल्व्हर’ला जोर तेवढाच, पण नोंद १.२ मिलिमीटरवर आणि एकूण चाल ३.४ मिलिमीटर.

हलके आणि उथळ बटण म्हणजे चांगलेच बटण, असा समज आहे. तो अर्धाच खरा. ज्याची बोटे बटणावर टेकून राहतात, त्याच्या हातून अशा बटणावर नकळत दाब पडतो आणि नको तो ठोसा सुटतो. भरभर टिचक्या मारणाऱ्याला मात्र तेच बटण फळते. टोपीच्या आकाराचेही तसेच. एका बटणावरून दुसऱ्यावर बोट सरकवून खेळणाऱ्याला फुगीर किंवा सपाट टोपी सोयीची. एका बटणावर एक बोट ठेवून जोरात दाबणाऱ्याला खोलगट टोपी बोट घसरू देत नाही.

आवाज हा घरातल्या खेळाचा वेगळा मुद्दा आहे. पार्लरमध्ये बटणांचा खडखडाट कोणाला टोचत नाही. रात्री सोसायटीच्या फ्लॅटमध्ये तो भिंतीपलीकडे जातो. सानवाच्या ‘ओबीएसएफएस-३०’सारख्या बटणांत दट्ट्याचा आघात मऊ गादीवर घेऊन आवाज कमी केलेला असतो. साध्या बटणात दट्ट्याखाली पातळ फोमची चकती घालूनही थोडा फरक पडतो. फक्त चकती जाड झाली तर स्विचपर्यंत दाब पोहोचत नाही.

विजेची बाजू

बाजारातल्या मायक्रोस्विचवर ‘२५० व्होल्ट, १५ अँपिअर’ असे आकडे छापलेले असतात, आणि मोठा आकडा म्हणजे दणकट माल असे वाटते. खेळाच्या पेटीत हा आकडा कामाचा नाही. यूएसबी बोर्डाच्या बटणातून जाणारा प्रवाह फार सूक्ष्म असतो. पाच व्होल्ट आणि १० हजार ओहमचा रोध धरला तर तो अर्धा मिलिअँपिअर भरतो. मोठ्या प्रवाहात संपर्कांवरचा गंजाचा पातळ थर ठिणगीने जळून जातो. अर्ध्या मिलिअँपिअरमध्ये तो साचत राहतो आणि काही काळाने बटण अधूनमधून दगा देऊ लागते. म्हणून सूक्ष्म प्रवाहासाठीचे, सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्कांचे स्विच वेगळे बनवले जातात. स्विचच्या माहितीपत्रकात कमाल भाराइतकाच किमान भारही पाहावा.

जास्त अँपिअरच्या स्विचचा दुसरा तोटा त्याच्या स्प्रिंगमध्ये आहे. ऑम्रॉनच्या १५ अँपिअरच्या साध्या मायक्रोस्विचला २०० ग्रॅमपर्यंत जोर लागू शकतो आणि त्याच्याच अधिक कडक प्रकाराला ४०० ग्रॅमपर्यंत. आर्केड बटणाखाली तो बसतो, चालतोही. पण दहा मिनिटांत बोटे दुखतात. बदलीचा मायक्रोस्विच घेताना दुकानातच बोटाने दाबून, शक्यतो जुन्याशी ताडून पाहावा.

संपर्क जुळताना पट्टी काही हजारांश सेकंद थरथरते आणि एका दाबाच्या जागी अनेक दाब झाल्याचा भास बोर्डाला होतो. बोर्डातला प्रोग्राम म्हणून थोडा वेळ वाट पाहून एकच दाब मोजतो. लढतीचे बहुतेक खेळ सेकंदाला ६० चित्रे दाखवतात, म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद. वाट पाहण्याचा काळ चार-पाच मिलिसेकंदांत राहिला तर खेळात फरक जाणवत नाही. रास्पबेरी पाय पिको या २०२१ मध्ये आलेल्या स्वस्त बोर्डावर चालणाऱ्या ‘जीपी२०४०-सीई’ या मुक्त प्रोग्राममध्ये हा काळ बदलता येतो. जुने बटण एका दाबाचे दोन करू लागले, तर नवे घेण्याआधी हा काळ दोन-तीन मिलिसेकंदांनी वाढवून पाहता येतो.

दिव्याच्या बटणांना चार पाय असतात : दोन स्विचचे, दोन एलईडीचे. एलईडीला अधिक-उणे पाहावेच लागते. काही बटणांतला दिवा १२ व्होल्टसाठी असतो. यूएसबीच्या पाच व्होल्टवर तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही. पाच व्होल्टचा दिवा मागून घ्यावा. एका दिव्याला २० मिलिअँपिअर धरले तर आठ दिव्यांना १६० होतात, यूएसबी २.० च्या ५०० मिलिअँपिअरच्या मर्यादेत ते बसतात.

बुधवार पेठेत काय शोधावे, काय टाळावे

तपकीर गल्लीत दिसणाऱ्या बटणांत आर्केड बटणासारखे दिसणारे दोन प्रकार फसवे आहेत. एक, कंट्रोल पॅनेलचे औद्योगिक बटण. त्याचे सर्वांत प्रचलित भोक २२.५ मिलिमीटरचे असते, पण ३०.५ मिलिमीटरचाही एक प्रकार आहे आणि तो आर्केडच्या भोकात जवळपास बसेल असे वाटते. त्याची स्प्रिंग कडक असते, कारण मोटर चुकून चालू होऊ नये हाच तिचा हेतू. टिकाऊपणाचे गणितही वेगळे. खेळताना एक बटण सरासरी सेकंदाला दोनदा दाबले जाते असे धरले, तर तासाला ७,२०० दाब होतात. १० लाख दाबांची हमी असलेले बटण सुमारे १३९ तासांत ती ओलांडते. एक कोटीच्या हमीचे सुमारे १,३९० तास टिकते. दिवसातून चार वेळा दाबल्या जाणाऱ्या मोटरच्या बटणाला १० लाख हा आकडा प्रचंड आहे, खेळाच्या बटणाला तोकडा.

दुसरा प्रकार १६, १९ किंवा २२ मिलिमीटरच्या चकचकीत धातूच्या बटणांचा. दिसायला ती देखणी असतात. पण बोटाला कडक लागतात. ‘स्टार्ट’ किंवा ‘कॉइन’सारख्या क्वचित लागणाऱ्या कामाला ती ठीक, ठोसा-लाथेला नाहीत. ती घेताना दाबल्यावर अडकून राहणारे बटण हाती येत नाही ना, हे पाहावे. खेळाला सोडताच परत येणारे बटण लागते.

या बाजाराची खरी मदत बटणाभोवतीच्या सामानासाठी होते : मायक्रोस्विच, बारीक लवचिक तार, दाबून बसवायची टोके, हीट श्रिंक नळ्या, सोल्डर आणि मल्टीमीटर. ६.३ मिलिमीटरची टोके पंखे, मोटर आणि गाड्यांच्या कामाची असल्याने कुठेही दिसतात, २.८ ची मागूनच घ्यावी लागतात, म्हणून जुन्या तारेचे एक टोक नमुना म्हणून खिशात असावे. ३० मिलिमीटरचा होल सॉ, कानस आणि स्टेप ड्रिल यांसाठी शेजारच्या रविवार पेठेतली बोहरी आळी, आणि प्लायसाठी भवानी पेठेतले टिंबर मार्केट जवळ आहे. गणपती-दिवाळीच्या आधी तपकीर गल्ली दिव्यांच्या माळांच्या गिऱ्हाइकांनी भरून जाते. दुकानदाराला उभे राहून चार स्विच दाबून दाखवायला सवड हवी असेल तर ते दिवस टाळावेत. सानवा, सेइमित्सुची अस्सल बटणे सहसा ऑनलाइन मागवावी लागतात आणि त्यात कुरिअरच्या व आयातीच्या खर्चाची भर पडते.

बसवताना

जुने बटण काढण्याआधी तारांचे छायाचित्र घ्यावे किंवा प्रत्येक तारेला चिकटपट्टीवर क्रमांक लिहावा. पेटी यूएसबीपासून सोडवावी. खटक्याचे बटण खालून दोन्ही पंख दाबून वर ढकलावे. वरून उचकटले तर कड तुटते आणि पटलावर ओरखडे येतात. टोक पायावरून काढताना तार ओढू नये, टोकालाच धरावे. नव्या बटणाच्या पायावर थेट सोल्डर करणे टाळावे; उष्णतेने पायाभोवतीचे प्लॅस्टिक मऊ होते आणि स्विच वाकडा बसतो. पुढच्या वेळी बटण बदलतानाही ते सोल्डर उकलावे लागते.

सर्व बटणांचा एक-एक पाय जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, सामायिक तारेला जोडलेला असतो. एका बटणापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या या साखळीत एक टोक सैल राहिले तर त्याच्या पुढची सगळी बटणे एकदम मरतात. काही स्वस्त बोर्डांवर प्रत्येक बटणाला दोन तारांचा स्वतंत्र जोड असतो. तिथे हा धोका नाही, पण तारांचा गुंता दुप्पट होतो. सगळे बसल्यावर प्रत्येक बटण दहा-वीस वेळा दाबून संगणकाच्या जॉयस्टिक तपासणीच्या खिडकीत एका दाबाला एकच नोंद होते का, ते पाहून मगच पेटी बंद करावी.

निवडीचा क्रम शेवटी असा ठरतो : आधी भोक, मग पटलाची जाडी, मग खोली, मग पायांची रुंदी, त्यानंतर दाब आणि आवाज, रंग सगळ्यात शेवटी. आठही बटणे एकदम घेण्याआधी एक आणावे, सर्वांत जास्त वापराच्या जागी बसवावे आणि आठवडाभर खेळावे. ते हाताला पटले तरच उरलेली सात घ्यावीत.